अर्जांचा आकडा मागू नका, शोधाकडे पाहा

प्रति,
रोजगार कार्यक्रम आखणारे, राबवणारे आणि त्यांचा हिशेब तपासणारे सर्व अधिकारी

स. न. वि. वि.

तुमच्या कार्यक्रमांचे अहवाल मी नेमाने वाचते. नोंदणी किती झाली, प्रशिक्षण किती जणांनी पूर्ण केलं, काही महिन्यांनी किती जण कामावर होते, हे त्यात असतं. नोंदणी आणि नोकरी यांच्या मधल्या काळात त्या माणसाने नेमकं काय केलं, याचा रकाना मात्र क्वचितच दिसतो. तो रोज किती वेळ नोकरी शोधत होता? जाहिराती चाळत होता, पोर्टलवर बसत होता, की जुन्या सहकाऱ्यांना भेटत होता? एकाच पदनामाला चिकटून होता, की त्याच्या जवळपासची कामंही बघत होता? नकार आल्यावर पुढचा अर्ज करायला त्याला किती दिवस लागले? कार्यक्रमाचा पहिला परिणाम होतो तो इथे, नोकरी लागण्याच्या कितीतरी आधी. तिथे तुमचं लक्ष नाही, म्हणून हे पत्र.

मी नोकरी शोधणाऱ्यांसोबत बसते. बायोडेटा नीट करून देते, मुलाखतीची तयारी करून घेते, बऱ्याचदा नुसतं ऐकते. पण पुढे जे लिहिणार आहे ते फक्त माझ्या पाहण्यातलं नाही. अर्थशास्त्रज्ञांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नावर पन्नास वर्षं प्रयोग केले आहेत. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडायचे, एकाला कार्यक्रम द्यायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही आणि फरक बघायचा. त्यांचे निष्कर्ष तुमच्यापर्यंत पोचतात ते बहुधा ‘कार्यक्रम यशस्वी’ किंवा ‘अयशस्वी’ एवढ्याच एका शब्दात. मधला भाग गळून जातो.

आधी शोधाबद्दल. नोकरी शोधणं हे स्वतःच एक काम आहे, आणि ते माणसाला झिजवतं. ॲलन क्रूगर आणि अँड्रियास म्यूलर यांनी २००९-१० मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात बेकारी भत्ता घेणाऱ्या सहा हजारांहून अधिक बेरोजगारांना आठवड्यामागून आठवडे विचारलं, की शोधात किती वेळ गेला. बेकारी लांबत गेली तसा त्याच माणसाचा शोधाचा वेळ कमी होत गेला. शिवाय दिवसभरातल्या इतर वेळांपेक्षा शोधाच्या वेळी माणसं जास्त उदास असत. त्याच्या ऐंशी वर्षं आधी ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावातली गिरणी बंद पडली, तेव्हा मारी याहोदा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्सायझेल यांनी तिथल्या कुटुंबांचं आयुष्य बारकाईने नोंदवलं होतं. हाताशी वेळच वेळ, वाचनालयाचं शुल्कही माफ, तरी लोक आधीपेक्षा कमी पुस्तकं नेऊ लागले. रस्त्यावर पुरुषांची चाल मंदावली. म्हणून कुणी सहा महिन्यांनी कमी अर्ज करताना दिसला, तर त्याला नोकरी नकोच आहे असा अर्थ काढणं अन्यायाचं आहे. त्याने आधी भरपूर शोधलं आहे आणि त्यातून काही हाती लागलेलं नाही.

याचा सरळ अर्थ असा, की पहिले आठवडे सगळ्यांत मोलाचे. तरीही बऱ्याच योजना ठरावीक महिने बेकार राहिल्याशिवाय माणसाला दारात घेत नाहीत. पैसा मर्यादित असतो, आणि काही जणांना आपलं आपण काम मिळतं, हे मला कळतं. पण थांबायला लावण्याची किंमतसुद्धा हिशेबात धरा. तुमच्यापर्यंत येतो तोवर माणूस दमलेला असतो.

आता तुमच्या पत्रांविषयी. ‘अमुक तारखेला हजर राहा, अन्यथा भत्ता थांबेल.’ अमेरिकेतल्या केंटकी राज्यात या पत्राचाच प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना सक्तीच्या सेवांसाठी बोलावणं गेलं, ते न गेलेल्यांपेक्षा सरासरी दोन आठवड्यांहून थोडा अधिक काळ आधी भत्त्यातून बाहेर पडले. त्यातले बरेचसे सेवा सुरू होण्याच्या आधीच गेले, म्हणजे पत्र हातात पडल्यावर. डेन्मार्कमध्येही काहीसं असंच दिसलं: लवकर आणि सक्तीचा कार्यक्रम ज्यांच्या वाट्याला आला, त्यांच्या बेकारीचा मध्यक (म्हणजे निम्मे लोक ज्याच्या आत बेकारीतून बाहेर पडतात तो काळ) १४ आठवड्यांवरून साडेअकरा आठवड्यांवर आला, आणि त्यात कार्यक्रमात शिकवलेल्या गोष्टींपेक्षा तो लागू होणार या जाणिवेचा वाटा मोठा असल्याचं अभ्यासकांना वाटलं.

हे निष्कर्ष वाचून काही जण लगेच म्हणतात, ‘बघा, धाक दाखवला की लोक कामाला लागतात.’ धाकाने माणूस हलतो हे मी नाकारत नाही. केंटकीत त्या लोकांची पुढची कमाईही थोडी वाढली होती, तेही सांगायला हवं. पण स्वित्झर्लंडमध्ये भत्ता कापण्याच्या इशाऱ्यांचा आणि प्रत्यक्ष कपातीचा अभ्यास झाला, तेव्हा माणसं लवकर बाहेर पडली खरी, पण पुढच्या नोकरीतली त्यांची कमाई कमी भरली. घाईत पहिलं हाती येईल ते काम घेतलं की असं होतं. तुमच्या तक्त्यात केंटकीतला आणि स्वित्झर्लंडमधला, दोन्ही माणसं ‘बाहेर पडली’ याच रकान्यात जातात. एकाला तारखेने शिस्त लावली, दुसऱ्याला भीतीने घसरवलं. हा फरक तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्ही आणखी कडक पत्रं लिहीत जाल आणि आकडे सुधारतच राहतील.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र मुख्यतः लिहिते आहे, ती. अर्जांची सक्तीची संख्या.

नियम साधा दिसतो: दर आठवड्याला किंवा महिन्याला इतके अर्ज केल्याचा पुरावा दाखवा. हेतू चांगला असेल. पण नेदरलँड्समध्ये खेरार्ड वान डेन बेर्ख आणि बास वान डेर क्लाऊ यांनी नियंत्रित प्रयोगातून समुपदेशन आणि देखरेख यांचा परिणाम तपासला. काम मिळण्याची बरी शक्यता असलेल्या बेरोजगारांवर लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा त्यांना नोकरी मिळण्याचा वेग म्हणावा तसा वाढला नाही. बदलली ती शोधण्याची रीत. अधिकाऱ्याला दाखवता येतील अशा वाटांनी, म्हणजे जाहिराती आणि औपचारिक अर्जांनी शोध वाढला, आणि ओळखीपाळखीतून, भेटीगाठीतून होणारा शोध कमी झाला.

हा निष्कर्ष मी जेव्हा जेव्हा वाचते, तेव्हा माझ्यासमोर बसलेली माणसं आठवतात. पूर्वीच्या कामावरच्या मुकादमाला भेटायला जायचं होतं, पण ‘त्या भेटीचा कागद कोण देणार?’ म्हणून न गेलेले. महिना संपत आला म्हणून रात्री बसून, नीट न वाचता, एकच बायोडेटा कुठेही पाठवणारे. ज्या पदासाठी आपण पात्र नाही हे ठाऊक आहे, त्या पदालाही अर्ज करणारे, कारण तोही मोजला जातो. यातला कुणीही कामचुकार नव्हता. नियमाने जे मागितलं तेच ते देत होते. तुम्ही अर्ज मागितलेत, तुम्हाला अर्ज मिळाले.

त्या ओळखीच्या वाटेला कमी लेखू नका. कितीतरी जागा जाहिरात निघण्याआधीच भरल्या जातात, कारण आतल्या कुणीतरी ‘माझ्या ओळखीत एक जण आहे, कामाला चांगला आहे’ असं सांगितलेलं असतं. हा वशिला नव्हे. मालकाला अनोळखी माणसाबद्दल विश्वासाची माहिती मिळते, आणि उमेदवाराला कामाची खरी कल्पना येते. हो, ज्यांच्या ओळखीच कमी आहेत त्यांच्यावर यात अन्याय होतो. पण त्यावरचा उपाय म्हणजे त्यांच्या ओळखी वाढतील असं काही करणं. ज्यांच्याकडे ती वाट आहे त्यांनाही नियमाने तिच्यावरून हटवणं हा उपाय नाही.

दक्षिण आफ्रिकेत यासंदर्भात एक साधी गोष्ट करून पाहिली गेली. अर्जासोबत पूर्वीच्या मालकाचं शिफारसपत्र जोडलं, तर बोलावणं येण्याचं प्रमाण ६० टक्क्यांनी वाढलं. त्याचा फायदा प्रामुख्याने स्त्रियांना झाला. पुढे नोकरी शोधणाऱ्यांना असं पत्र मिळवायला उत्तेजन दिलं, तेव्हा स्त्रियांच्या मुलाखती आणि नोकऱ्या दोन्ही वाढल्या. एक कागद आणि तो मागण्याचं धाडस. तुमच्या समुपदेशकाने पहिल्याच भेटीत ‘मागच्या ठिकाणी तुमच्याबद्दल दोन ओळी कोण लिहून देईल?’ एवढं विचारलं, तर माणसाचा पुढचा आठवडा वेगळा जाईल.

प्रशिक्षणाकडे वळते. तिथला परिणाम उलट दिशेचा आहे आणि त्याला अभ्यासक फार पूर्वीपासून ओळखतात: वर्गात बसलेला माणूस शोधत नाही. सकाळ-दुपार कोर्समध्ये जाते, ‘सर्टिफिकेट हाती आलं की बघू’ असं मनाशी ठरतं, आणि शोध थांबतो. डेव्हिड कार्ड, योखेन क्लूवे आणि आंद्रेआ वेबर यांनी जगभरातले दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले. कार्यक्रमांचा परिणाम सुरुवातीला सरासरी शून्याच्या जवळ, आणि दोन-तीन वर्षांनी तो चांगला दिसू लागतो. कौशल्य वाढवणाऱ्या कार्यक्रमांत हे विशेष ठळक आहे. म्हणून वर्ग बंद करा असं मी म्हणणार नाही. सहा महिन्यांच्या आकड्यांवरून चांगलं प्रशिक्षण रद्द करणं चूकच ठरेल. पण वर्गाच्या काळात शोध का थांबावा? आठवड्यातला अर्धा दिवस शोधासाठी राखून ठेवा. कोर्स अर्धवट सोडून नोकरी धरली तर त्याला ‘गळती’ म्हणून लाल शाईत दाखवू नका. ज्या संस्थेला पूर्ण हजेरीवर पैसे मिळतात, ती संस्था मधेच आलेल्या मुलाखतीला विद्यार्थ्याला आनंदाने सोडेल, अशी अपेक्षा कशी करता येईल?

स्वीडनमध्ये १९९० च्या दशकात कार्यक्रमातला सहभाग धरून भत्त्याचा हक्क नव्याने मिळवता येत असे. बार्बरा सियानेसी यांच्या अभ्यासात याचे परिणाम स्पष्ट दिसतात: काही जणांसाठी कार्यक्रम हा भत्ता चालू ठेवण्याचा मार्ग झाला आणि त्या काळात ते नोकरीपासून लांबच राहिले. लोकांना दोष द्यायचा तर द्या, पण आधी नियम वाचा. ज्याच्या घरात दुसरी कमाई नाही, तो भत्ता चालू राहील असाच मार्ग निवडणार.

तात्पुरत्या सरकारी कामांबद्दल थोडक्यात लिहिते. संकटाच्या काळात पोट भरण्यासाठी ती लागतातच. त्यांतून पुढे बाजारातली नोकरी मिळते असा पुरावा मात्र फारच दुबळा आहे. तेव्हा त्यांना आधार म्हणून चालवा. नोकरीची पायरी म्हणून त्यांची जाहिरात करू नका, म्हणजे त्या आशेवर कुणी आपला शोध थांबवणार नाही.

मग शोध वाढतो, सुधारतो कशाने? याचं उत्तर मला आशा देतं, कारण त्यातल्या बऱ्याच गोष्टी स्वस्त आहेत. १९७५ मध्ये नेथन ॲझ्रिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ‘जॉब क्लब’ची कल्पना मांडली. बेरोजगारांनी रोज एकत्र बसायचं, फोन करायचे, कळलेल्या जागा एकमेकांना सांगायच्या, घरच्यांनाही सोबत घ्यायचं. दोन महिन्यांत त्या गटातल्या ९० टक्के लोकांना काम मिळालं. ज्यांना ही मदत नव्हती त्यांच्यात हे प्रमाण ५५ टक्के होतं. नंतरच्या सगळ्याच ठिकाणी इतकं मोठं यश आलं नाही, पण मुळातली समज पक्की होती: एकट्याने शोधणं आणि सोबतीने शोधणं यात फार फरक पडतो.

अमेरिकेतल्याच मिशिगनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी त्यात एक महत्त्वाची भर घातली. त्यांच्या कार्यशाळांत नकारासाठी आधीच तयारी करून घेत. उत्तर आलं नाही तर काय करायचं, मुलाखत बिघडली तर दुसऱ्या दिवशी काय करायचं, याचा सराव. सहभागी झालेल्यांना काम मिळायला मदत झाली आणि नैराश्याची लक्षणंही कमी झाली, ज्यांना धोका जास्त होता त्यांच्यात तर विशेष. २०१४ मध्ये अशा ४७ अभ्यासांचा एकत्रित विचार झाला, तेव्हा हेच दिसलं, की फक्त बायोडेटा लिहायला शिकवून भागत नाही आणि फक्त उत्साह भरूनही भागत नाही. कौशल्य आणि उमेद दोन्हींवर काम करणारे कार्यक्रम चालतात. तुमच्या किती केंद्रांत नकाराविषयी कुणी बोलतं? माझ्याकडे येणारे लोक त्याविषयी बोलायला लागले, की थांबत नाहीत.

दक्षिण आफ्रिकेतच आणखी एक प्रयोग झाला. नोकरी शोधणाऱ्यांकडून आठवड्याचा बारीक आराखडा लिहून घेतला: कुठल्या दिवशी, कुठे, काय करणार. शोधाचा एकूण वेळ वाढला नाही, पण अर्ज १५ टक्क्यांनी वाढले, शोधाच्या वाटा वाढल्या, आणि हाती आलेले प्रस्ताव ३० टक्क्यांनी वाढले. इथेही अर्जच वाढले, असं कुणी म्हणेल. पण ते अर्ज त्या माणसाने स्वतः ठरवलेल्या आराखड्यातून आले होते, अधिकाऱ्याचा रकाना भरण्यासाठी नव्हे. स्कॉटलंडमधल्या एडिनबरामध्ये बेरोजगारांना संगणकावर सुचवण्यात आलं, की तुमच्यासारखं काम केलेली माणसं आणखी कोणत्या कामांत जातात. जे एकाच चाकोरीत शोधत होते त्यांनी शोध रुंदावला आणि त्यांना मुलाखतीची बोलावणी जास्त आली. जर्मनीत पन्नास हजारांहून जास्त बेरोजगारांना नुसती एक माहितीपुस्तिका पाठवली. सरसकट परिणाम लहान होता, पण ज्यांची बेकारी लांबण्याची भीती होती त्यांना तिचा फायदा झाला. इथिओपियाची राजधानी आदिस अबाबामध्ये तरुणांना शहराच्या मध्यभागी जाऊन शोधण्यासाठी प्रवासखर्च दिला, आणि दुसऱ्या गटाला अर्ज लिहिण्याची कार्यशाळा आणि कौशल्यांचं प्रमाणपत्र दिलं. थोड्या काळात दोन्हींनी स्थिर काम मिळण्यास मदत झाली. चार वर्षांनी कार्यशाळेच्या गटाची कमाई मात्र अजूनही जास्त होती. स्वतःला काय येतं हे दुसऱ्याला पटवून देता येणं, ही शिदोरी टिकली.

मदतीचाही ठपका बसू शकतो, हे विसरू नका. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन शहरात काही गरीब बेरोजगारांना अशी व्हाउचरं दिली, की त्यांना कामावर घेणाऱ्या मालकाला सरकार पगाराचा काही भाग परत देईल. व्हाउचर नसलेल्यांपेक्षा व्हाउचर असलेल्यांना नोकऱ्या कमी मिळाल्या. या प्रयोगाचा अभ्यास करणारे अर्थशास्त्रज्ञ गॅरी बर्टलेस यांचा अंदाज असा, की मालकांनी व्हाउचरकडे ‘या माणसात काहीतरी कमी आहे’ याची खूण म्हणून पाहिलं. माझ्याकडे येणारी काही माणसं मुलाखतीत तुमच्या योजनेचं नाव घेणं टाळतात. का, ते मला डेटनचा प्रयोग वाचल्यावर नीट समजलं. अनुदान द्यायचं तर थेट मालकाशी व्यवहार करा. त्याचा कागद उमेदवाराच्या कपाळावर चिकटवू नका.

आणि शोध कितीही सुधारला, तरी जागाच नसतील तर? फ्रान्समध्ये २३५ स्थानिक क्षेत्रांत शिकलेल्या तरुण बेरोजगारांना नोकरी शोधण्यासाठी विशेष मदत दिली गेली. ज्यांना मिळाली त्यांना आठ महिन्यांनी फायदा दिसला. पण त्यातला काही भाग, मदत न मिळालेल्या शेजाऱ्यांच्या संधी कमी होऊन आला होता, आणि वर्षभरात तो फायदाही ओसरला. नोकऱ्यांची टंचाई होती तिथे हे जास्त घडलं. म्हणून नोकरी न मिळालेल्या माणसाला ‘तुझा शोध कमी पडला’ असं सांगण्याचा अधिकार तुमच्याकडे आपोआप येत नाही. जागा किती आहेत, हे आधी सांगा.

माझी मागणी मोठी नाही. नोंदणीच्या पहिल्या आठवड्यातच प्रत्येकाबरोबर बसून शोधाचा आराखडा लिहा आणि त्यात भेटीगाठींनाही अर्जाइतकीच जागा द्या. अर्जांची ठरावीक संख्या भरली नाही या एकाच कारणावरून कुणाचा भत्ता कापू नका. प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात शोधाचे तास छापून टाका, आणि नोकरीसाठी वर्ग सोडणाऱ्याला संस्थेच्या हिशेबात यशस्वी धरा. पुढच्या पाहणीसाठी तुम्ही लोकांना फोन करालच. ‘नोकरी लागली का?’ या प्रश्नाच्या आधी आणखी तीन प्रश्न विचारा: गेल्या आठवड्यात शोधात किती वेळ गेला, कुठे कुठे शोधलंत, आणि आमच्या नियमांमुळे शोधताना तुम्ही काय करायचं सोडून दिलंत. उत्तरं केंद्रवार प्रसिद्ध करा. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं लोकांच्याच शब्दांत छापा. त्यांचा सारांश काढू नका.

कळावे.

आपली,
नोकरी शोधणाऱ्यांसोबत काम करणारी एक कार्यकर्ती